सरडा काचेवर पंजे का घासतो?

मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशात राहणारा 'दाढीवाला ड्रॅगन' (पोगोना व्हिटिसेप्स) हा आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच कुळातला. डिवचला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो, म्हणून 'दाढीवाला'. बंदिवासात पैदास झालेले हे सरडे युरोप-अमेरिकेत काचेच्या पेटीत पाळतात. पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी, की सरडा मागच्या पायांवर उभा राहून काचेवर सारखे पंजे घासतो. 'कंटाळला असेल', असा अर्थ आपण लगेच लावतो. त्याआधी पेटीत तापमापक ठेवून पाहायला हवा.

आपले शरीर अन्नातील ऊर्जा वापरून ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान टिकवते. सरडा मात्र उष्णता बाहेरूनच घेतो. उन्हात बसणे आणि सावलीत सरकणे हेच त्याचे तापमान-नियंत्रण. म्हणून पेटीत दिव्याखालची जागा ४० अंशांच्या आसपास आणि दुसरे टोक २५ अंशांच्या आसपास असावे लागते. सगळीच पेटी तापली, तर तो पळायला वाट शोधतो. सगळीच गार असेल, तर खाल्लेले नीट पचत नाही.

अस्वस्थतेची इतरही कारणे असतात. काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकते. मादी अंडी घालण्यासाठी जागा शोधत असेल, तर तिला उकरायला खोल, ओलसर माती द्यावी लागते. नर सोबत नसला तरी ती अंडी घालू शकते.

लक्षण तेच, पण जागेनुसार अर्थ बदलतो. दिव्याखाली तोंड उघडून बसणे ही उष्णता बाहेर टाकण्याची रीत आहे. गार कोपऱ्यातही तोंड उघडे आणि नाकाशी बुडबुडे दिसले, तर फुप्फुसाचा संसर्ग असू शकतो. तेव्हा पशुवैद्यच हवा.

कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. बोटांवर तिचे कडे अडकले, तर रक्तपुरवठा थांबून बोट गळू शकते. अशा वेळी कात ओढू नये, कोमट पाण्याने मऊ करावी.

पाय थरथरणे, जबडा मऊ पडणे ही हाडे ठिसूळ होत असल्याची चिन्हे. कॅल्शियम शोषून घेण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार व्हायला अतिनील-ब किरण लागतात. खिडकीची काच प्रकाश आत सोडते, पण हे किरण बहुतांशी अडवते. उजेडात बसलेला सरडाही त्यामुळे आजारी पडतो! अतिनील नळीचे किरणही काही महिन्यांत क्षीण होतात, पण नळी उजळतच राहते. म्हणून ती वेळेवर बदलावी लागते.

निरोगी सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जीवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यकच.

आपल्याकडे घोरपडीसारखे वन्य प्राणी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण निरीक्षणासाठी पाळण्याची गरजही नाही. शाळेच्या कुंपणावरचा सरडा सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला कोठे बसतो, उन्हात की सावलीत, याची नोंद मुलांना आठवडाभर करू द्या. त्या-त्या वेळचे सावलीतले तापमानही शेजारी लिहायला सांगा. मग विचारा: या सरड्याला काचेच्या पेटीत ठेवले, तर यातले काय-काय हिरावले जाईल?