स्पीकर ठणठणीत आहे, बँड मस्करी करतोय!

माहीत आहे का? १९९६ साली कित्येकांनी नवी कोरी सीडी लावली आणि लगेच धाव घेतली ती म्युझिक सिस्टिमच्या मागे! वायर हलवली, पिन काढली, पुसली, परत खोचली. आवाज तोच : घूंऽऽऽ. चांगले ३८ सेकंद. आणि बिघाड? कुठेच नाही. पहिला ट्रॅकच तो होता!

अल्बम 'ऑक्टोबर रस्ट', बँड 'टाइप ओ निगेटिव्ह', मुक्काम न्यूयॉर्कचं ब्रुकलिन. संगीताचा प्रकार गॉथिक मेटल : चांदणं, लांडगे, विरह, मरण आणि काळ्या कपड्यांचा फुल थाट. त्या घूंऽऽचं नाव काय ठेवलंय? 'बॅड ग्राउंड'! बोईसरच्या कुठल्याही वायरमनला अर्थ विचारा, एका दमात सांगेल, "अर्थिंग गेलंय, शेठ!"

पुढचा धक्का लगेच. दुसऱ्या ट्रॅकला नावच नाही. त्यात बँडची मंडळी फिदीफिदी हसत आपली ओळख करून देतात आणि अल्बम घेतल्याबद्दल आभार मानतात. लग्नात आहेर घेतल्यासारखे! आणि मग अचानक पियानो सुरू होतो, 'लव्ह यू टू डेथ'चा. सात मिनिटं, अंगावर काटा. हसू ओठावर असतानाच गळा दाटून येतो. माझ्या मते ही या अल्बमची सगळ्यात मोठी करामत आहे.

इथेच श्रोत्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, एवढं सुंदर, उदास संगीत, त्यात हा टवाळपणा कशाला? मूड जातो! दुसरा म्हणतो, अरे, मस्करी आहे म्हणूनच तर दुःख खरं वाटतं. मी दुसऱ्या तटात, पक्का.

गंमत म्हणजे हा वाद बँडच्या घरातही होता. १९९३ चा त्यांचा गाजलेला अल्बम 'ब्लडी किसेस'. त्यात टवाळ गाणी आणि चित्रविचित्र आवाजांचे तुकडे ठासून भरलेले. नंतर त्याचीच डिजिपॅक आवृत्ती निघाली, त्यात बरीचशी टवाळी गाळून एक नवं संथ गाणं घातलं. मग काय, आजही चाहते भांडतात : खरा 'ब्लडी किसेस' कुठला?

त्याच अल्बमात 'ब्लॅक नंबर वन' आहे. अकरा मिनिटांहून लांब. विषय? काळे केस आणि ते काळे ठेवणारा हेअर डाय! गॉथ फॅशनची ही उघड टर, आणि गॉथ मंडळींनीच ती डोक्यावर घेतली. डाय लावलेल्या डोक्यावर!

माहीत आहे का, नावापेक्षा गाणं छोटं असू शकतं? जवळजवळ! 'ऑक्टोबर रस्ट'मध्येच एक ट्रॅक आहे : 'द ग्लोरियस लिबरेशन ऑफ द पीपल्स टेक्नोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ विनलँड बाय द कम्बाइन्ड फोर्सेस ऑफ द युनायटेड टेरिटरीज ऑफ युरोपा'. श्वास घ्या. गाणं मिनिटभराचं.

गायक आणि बेसवादक पीटर स्टील. उंची सहा फूट आठ इंच! बँड गाजण्याआधी नोकरी न्यूयॉर्कच्या पार्क खात्यात. त्या हिरव्या दिवसांची आठवण म्हणजे याच अल्बमातलं 'ग्रीन मॅन'. बीटल्स 'फॅब फोर', तर हे स्वतःला म्हणवायचे 'ड्रॅब फोर', म्हणजे चार मरगळलेले. मरगळ कसली, अल्बम बिलबोर्डच्या यादीत ४२ व्या क्रमांकापर्यंत चढला!

आता जरा आपल्या पालघर जिल्ह्यातल्या पामला या. गावाच्या नावात पाम, किनाऱ्याच्या अंगाला ताड! आणि ऑक्टोबर तर आपलाच. भात पिकतं, कापणीची गडबड सुरू होते आणि वारली पाड्यांवर तारपा घुमायला लागतो. दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण. त्यातून निघणारा तो न थांबणारा घुमारा ऐकलाय ना? मग 'बॅड ग्राउंड'ची कसली भीती! ३८ सेकंदांच्या घूंऽऽला तिकडचे श्रोते दचकले, आपल्याकडे घुमाऱ्यावर अख्खा पाडा फेर धरतो.

आणि 'रस्ट'? तिकडे तो पानगळीचा तांबूस रंग. इकडे खारं वारं. तारापूरच्या बाजूला सायकल चार महिने बाहेर ठेवा, रस्ट म्हणजे काय ते चेन सांगेल. बाय द वे, तारापूरचं अणुवीज केंद्र, देशातलं पहिलं, सुरू झालं तेही ऑक्टोबरातच, १९६९ साली.

भुतंखेतं आणि हशा एकाच ताटात, ही आयडिया परदेशी वाटते? मुळीच नाही! संत एकनाथांच्या भारुडांत सोळाव्या शतकातच भूत नाचलंय आणि विंचूही चावलाय. लोक खदखदून हसायचे आणि हसता हसता मरणाची गोष्ट ऐकून घ्यायचे. पैठण आणि ब्रुकलिन, अंतर चार शतकांचं, नस तीच.

बँडचा पुढचा अल्बम 'वर्ल्ड कमिंग डाउन', १९९९. पहिला ट्रॅक 'स्किप इट'. आवाज सीडी अडकल्याचा! हो, परत तेच. आणि परत लोकांनी सीडी काढून पुसली.

पण एक मस्करी लई जड गेली. २००५ मध्ये बँडच्या वेबसाइटवर एक थडगं झळकलं, त्यावर स्टीलचं नाव आणि १९६२–२००५. चाहते हादरले. निघाली थाप! मग १४ एप्रिल २०१० ला स्टील खरोखरच गेला आणि कित्येकांनी बातमीवर विश्वासच ठेवला नाही. आता खुलासा येईल, मग येईल, म्हणून वाट बघत राहिले. स्टील ४८ वर्षांचा होता.

'ऑक्टोबर रस्ट' ७२ मिनिटांचा. विरारहून डहाणू लोकल पकडा, हेडफोन लावा. गाडी वेळेवर असेल तर सफाळे, पालघर, बोईसर मागे पडतील आणि वाणगाव-डहाणूच्या आसपास बँड पुन्हा माइकवर येऊन निरोप घेईल. फक्त एक लक्षात ठेवा : पहिले ३८ सेकंद वायरला हात लावायचा नाही!