रुग्णाचे मौन आणि उपचारकाची पद्धत

मनाच्या आजारांविषयी आपल्याकडे अलीकडे थोडेफार मोकळेपणाने बोलले जाऊ लागले असले, तरी उपचार करणाऱ्याने रुग्णाची भाषा, धर्म, जात, लिंगभाव व घरची रीत ध्यानात घेऊनच उपचाराची आखणी करावी, असे कोणी म्हटले की भल्याभल्या सुशिक्षितांच्या कपाळावर आठी उमटते. मोडलेले हाड सांधताना डॉक्टर रुग्णाचा धर्म विचारत नाही, मग मनाच्याच डॉक्टराने या चौकशा कशासाठी कराव्यात, हा त्यांचा सवाल असतो, आणि त्यामागे समतेची एक प्रामाणिक ओढ असल्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. परंतु हाडाला बोलावे लागत नाही, मनाला बोलावे लागते. आणि माणूस बोलतो तो कोणत्या तरी भाषेत, कोणाच्या तरी समोर, काही उघडे करून व काही झाकून ठेवून. 'जीव घाबरा होतो', 'पोटात गोळा उठतो' असे सांगणारी बाई शरीराचीच तक्रार मांडते आहे की मनाची, याचा उलगडा तिच्या घराकडे पाठ फिरवून बसलेल्या तज्ज्ञाला होणे कठीण आहे.

या प्रश्नाची सर्वांत बोधप्रद कसोटी मला अल्जीरियात, ब्लिदा या गावच्या मनोरुग्णालयात झालेली दिसते. मार्टिनिक बेटावर 1925 साली जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेला, लिऑन येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेला आणि सँ-आल्बाँच्या रुग्णालयात फ्रान्स्वा तोस्केल यांच्या हाताखाली तयार झालेला कृष्णवर्णी मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन 1953 च्या नोव्हेंबरात तेथे रुजू झाला. रुग्णालय हाच एक छोटा समाज मानून रुग्णांना सभा, सण, वार्तापत्र, हस्तव्यवसाय यांच्या द्वारे पुन्हा माणसांत आणावयाचे, ही तोस्केलची शिकवण त्याने बरोबर आणली होती. त्याच्या ताब्यात 165 युरोपीय स्त्रिया आणि 220 मुसलमान पुरुष होते. स्त्रियांच्या विभागात नाताळ साजरा झाला, वार्तापत्र निघाले, चित्रपट दाखवले गेले, आणि अल्पावधीत तेथील वातावरण पालटले. हीच योजना पुरुषांच्या विभागात लागू केली तेव्हा मात्र काहीच घडले नाही. सभेला माणसे आणून बसवावी लागत, ती गप्प बसत, आणि सुटका होताच निघून जात.

अशा प्रसंगी दोष रुग्णावर ढकलण्याची सोय त्या काळी तयारच होती. आंत्वान पोरो यांच्या नेतृत्वाखालील अल्जियर्सच्या मनोविकारशास्त्रीय संप्रदायाने उत्तर आफ्रिकी माणूस मूलतःच बालबुद्धीचा व भोळसट असतो, असे मत शास्त्राच्या नावाने मांडून ठेवले होते. फॅनन आणि त्याचा तरुण सहकारी झाक आझुले यांनी मात्र 1954 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दोष स्वतःच्या पदरात घेतला, आणि माझ्या मते मनोविकारशास्त्राच्या इतिहासात इतका स्वच्छ कबुलीजबाब विरळाच. बहुतेक रुग्णांना लिहितावाचता येत नव्हते, तेव्हा वार्तापत्र त्यांच्या काय कामाचे? हाताला दिलेले विणकाम त्यांच्या लेखी बायकांचे काम होते. अब्रूदार पुरुषाने नाटकात सोंग घ्यावे, ही कल्पनाच त्यांना परकी होती. गोष्ट ऐकायची ती गावोगाव फिरणाऱ्या कथेकऱ्याच्या तोंडून. आपण एका समाजाची चौकट दुसऱ्या समाजावर बसवीत होतो आणि ती बसत नाही म्हणून माणसांनाच वेडेवाकडे ठरवण्याच्या बेतात होतो, हे ओळखल्यावर फॅननने मूरी धाटणीचे कॉफीगृह उघडले, मुसलमानी सण पाळण्याची तजवीज केली, कथेकऱ्यांना बोलावले. आणि मुक्या माणसांना हळूहळू वाचा फुटली.

चाचण्यांचीही हीच कथा. चित्र दाखवून त्यावर गोष्ट रचावयास सांगणारी एक प्रसिद्ध मानसशास्त्रीय चाचणी आहे. ती फॅनन व शार्ल जेरोनिमी यांनी मुसलमान स्त्रियांना दिली, तेव्हा त्या चित्रांतील वस्तूंची नुसती यादी करीत आणि थांबत, कारण ती घरे, ते पोशाख, ती माणसे त्यांच्या अनुभवातली नव्हतीच. एक कोरे कार्ड पुढे ठेवले मात्र, आणि त्याच स्त्रियांनी भरघोस कथा सांगितल्या. कल्पनाशक्तीचा अभाव म्हणून ज्याची नोंद झाली असती, तो चित्रांचा दोष होता. भारतातही उमा चौधरी यांना या चाचणीची देशी आवृत्ती सिद्ध करावी लागली, ती याच कारणास्तव.

आपल्या जातीचा, धर्माचा वा भाषेचा उपचारक मिळाला की काम झाले, हा दुसरा गैरसमज. फॅनन स्वतः वर्णद्वेषाचे चटके सोसलेला होता, 1952 साली त्यावर त्याने ग्रंथ लिहिला होता. तरीही ब्लिदात तो चुकला. त्याला अरबी येत नव्हती, काबिल भाषा येत नव्हती, दुभाष्यावाचून त्याचे पान हलत नसे, आणि जेथे न्यायाधीश व पोलीसही दुभाषा घेऊनच समोर येतात तेथे दवाखान्यातला दुभाषा रुग्णाच्या मनात कोणती धास्ती जागवीत असेल, हे त्यालाही सायासानेच कळले. सोसलेल्या दुःखाने दृष्टी येते खरी, पण दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याचे कष्ट त्यामुळे चुकत नाहीत. आपल्याकडे तर एकाच गावच्या दोन आळ्यांतही हे अंतर असू शकते, आणि स्वजातीय उपचारकापाशी घरची गोष्ट फुटेल या भीतीने रुग्ण अधिकच मिटून घेतो, असेही होते.

संस्कृतीचा आदर म्हणजे परंपरेपुढे मान तुकविणे, ही समजूतही तितकीच निराधार आहे. वेड हे जिनांचे कृत्य मानणारा मगरिबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेतील, समाज वेड्याने केलेल्या अपराधाचा राग वेड्यावर धरीत नाही, आजार ओसरल्यावर त्याला कलंकित न मानता घरात घेतो, या माणुसकीची फॅननने आवर्जून नोंद केली. पण तेवढ्यावरून अंगारे व ताईत हे उपचार म्हणून पुरेसे आहेत, असे त्याने कधीही म्हटले नाही. विजेचे व इन्सुलिनचे तत्कालीन उपचार तो करीतच होता. आपल्याकडे अंगात येणाऱ्या बाईची टवाळी न करता तिच्या झोपेची, भुकेची, सासरच्या छळाची विचारपूस करणे आणि गरज दिसल्यास औषध देणे, यांत मला कोणताही विरोध दिसत नाही.

हे सारे परदेशी खूळ असून येथे त्याला आधार नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपला 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उघडून पाहावा. समाजातील रूढ नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक मूल्यांशी एखादा जुळवून घेत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे त्याचे तिसरे कलम बजावते, आणि लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग यांवरून सेवेत भेदभाव होता कामा नये, असे अठरावे. समलैंगिक आकर्षण हा विकार नव्हे, हे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 सालीच मान्य केले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का 6 सप्टेंबर 2018 रोजी पुसला. तरीही 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल' हा सल्ला घेऊन आईबाप मुलाला वा मुलीला समुपदेशकाकडे आणतात. तेथे समावेशक उपचारकाचे काम त्या मुलाला बदलण्याचे नसते. घरच्या दडपणाखाली त्याची झोप उडाली, अभ्यास बुडाला, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येऊ लागले, त्यावर इलाज करण्याचे असते, आणि आईबापांची भीतीही त्याच धीराने ऐकून घेण्याचे असते.

ब्लिदातील प्रयोग फार काळ टिकला नाही. ज्या देशात मूळ रहिवासी आपल्याच भूमीत परका करून ठेवला आहे, तेथे माणसाला पुन्हा परिसराशी जुळवून देण्याचे काम आपण कोणत्या तोंडाने करावे, या आशयाचा राजीनामा फॅननने 1956 च्या अखेरीस पाठविला, आणि 1957 च्या जानेवारीत त्याला अल्जीरियातून हद्दपार करण्यात आले. पुढे ट्युनिस येथील शार्ल-निकोल रुग्णालयात त्याने दिवसा चालणारा मनोरुग्ण विभाग उभारला. तेथे रुग्ण सकाळी येत, दिवसभर उपचार घेत आणि सायंकाळी आपापल्या घरी, आपल्या माणसांत, आपल्या भाषेत परत जात.