स्नोमोबाइलचे गुण सांगणारे पुष्कळ

मराठी पर्यटकाची स्नोमोबाइलशी ओळख होते ती बहुधा गुलमर्गला, भाड्याच्या सफरीपुरती. हौस फिटते, फोटो निघतात. गाडीचे गुणदोष पारखण्याची वेळ येत नाही. कॅनडा आणि अमेरिकेच्या बर्फाळ भागांत मात्र ही गाडी विकत घेतली जाते आणि हौसेने तिच्यात फेरफारही केले जातात. क्वेबेकच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांच्या सुरुवातीच्या मोठ्या बर्फगाड्या डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुलांची ने-आण करत. १९५९ मध्ये त्यांची छोटी ‘स्की-डू’ आली आणि स्नोमोबाइल हौसेचे वाहन झाली. आज चांगल्या नव्या गाडीला दहा ते वीस हजार डॉलर सहज पडतात आणि हंगाम जेमतेम काही महिन्यांचा असतो. एवढे पैसे घालणाऱ्याला गुण ऐकवणारे पुष्कळ भेटतात, दोष सांगणारा शोधावा लागतो. पण या गाडीत एक गुण वाढवायचा तर दुसरा कुठेतरी सोडावा लागतो. त्यामुळे दोष वगळून केलेली शिफारस ही अर्धीच माहिती, आणि उरलेल्या अर्ध्या माहितीची किंमत घेणारा मोजतो.

पट्ट्याचेच पाहा. गाडीला पुढे दोन स्की आणि मागे दात्यांचा रबरी पट्टा असतो. तयार वाटांवरच्या गाड्यांचा पट्टा साधारण १२९ ते १३७ इंचांचा, तर डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठीचा १५४ किंवा १६५ इंचांचा. लांब पट्ट्यामुळे वजन जास्त जागेवर पसरते आणि गाडी रुतत नाही; पण तीच गाडी घट्ट वाटेवर वळवताना हात दुखतात. अडीच-तीन इंच उंचीचे दाते खोल बर्फात उत्तम पकड देतात, कडक वाटेवर मात्र दुमडतात आणि झिजतात. त्यात आणखी एक गोम आहे. बहुतेक आधुनिक गाड्यांत इंजिनातले पाणी पट्ट्याने उडवलेल्या बर्फामुळे थंड होते, आणि पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या रुळांवर सरकतो त्यांचे वंगणही बर्फच. वाट गोठून टणक झालेली असली की बर्फ उडत नाही, इंजिन तापते आणि प्लॅस्टिक वितळू लागते. बर्फ खरवडणारे आकडे लावून हे बरेचसे टळते, पण त्यासाठी आधी कोणीतरी ते सांगायला हवे. मिनेसोटाच्या सपाट वाटांवर फिरणाऱ्याला डोंगरी गाडी ‘सर्वांत दमदार’ म्हणून विकणारा खोटे बोलत नसतो, तरी गिऱ्हाईक फसतेच.

इंजिनाचीही तीच कथा. टू-स्ट्रोक हलके आणि चपळ, पण पेट्रोलबरोबर तेलही जाळते आणि पिस्टन-रिंगांचे काम लवकर काढते. फोर-स्ट्रोक शांत आणि कमी पेट्रोल पिणारे, पण त्याने गाडी जड होते आणि रुतली तर एकट्याने उपसणे कठीण जाते. उंचावर हवा विरळ असल्याने दर हजार फुटांमागे इंजिनाची सुमारे ३ टक्के ताकद जाते, म्हणजे ९००० फुटांवर जवळपास चौथा हिस्सा. बाहेरून बसवलेला टर्बो ती भरून काढतो. मात्र मग इंधनाचे मिश्रण आणि क्लचची वजनेही नव्याने जुळवावी लागतात. मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर पिस्टन जळतो आणि वॉरंटीवरही पाणी सोडावे लागू शकते. काही फेरफारांची किंमत तर दुसरेच मोजतात. मूळ सायलेन्सर काढून हलका बसवला की वजन थोडे घटते, आवाज मात्र भरपूर वाढतो. अमेरिकेत नव्या गाडीसाठी पूर्ण वेगात ५० फुटांवर ७८ डेसिबलची मर्यादा १९७०च्या दशकापासून पाळली जाते. स्नोमोबाइलच्या वाटा पुष्कळदा खासगी जमिनींतून, मालकांच्या परवानगीने जातात. आवाजाला कंटाळून एकाने परवानगी काढून घेतली की वाट सगळ्यांचीच बंद होते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात धूर आणि आवाजावरून वर्षानुवर्षे वाद चालला आणि अखेर कमी धुराच्या, कमी आवाजाच्या गाड्यांपुरताच प्रवेश उरला.

मग हे दोष झाकले का जातात? विक्रेत्याचा स्वार्थ उघड आहे. मालकाचा मोह मात्र लक्षात येत नाही. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले, की नवी मोटार घेतलेले लोक आपण घेतलेल्या मोटारीच्याच जाहिराती अधिक वाचतात. पैसे मोजून झाले की माणूस आपल्या निवडीचा वकील बनतो. म्हणून मित्राचे मत प्रामाणिक असले, तरी निःपक्षपाती असेलच असे नाही.

यावर आक्षेप येतो, की दोष सांगत बसले तर धंदा कसा चालायचा? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवले, की चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक प्रत्येकच मालाला कमी भाव देते आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. या मांडणीच्या क्षेत्रातील कामाबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. म्हणजे इंजिन कधी उघडले, कॉम्प्रेशन किती आहे, बोगदा (पट्ट्यावरचा धातूचा सांगाडा) कुठे वाकला आहे, हे कागदोपत्री दाखवणारा विक्रेता स्वतःच्याच मालाचा भाव राखतो. दुसरा आक्षेप असा, की हौसेला हिशेब कशाला. एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण असतो. हे खरेच आहे, आणि म्हणूनच नुसते ‘वाईट’ म्हणणेही पुरेसे नाही. कोणत्या बर्फात, किती उंचीवर, कोणाच्या हाती वाईट, हे सांगावे लागते. हौसेच्या आड यायचे कारण नाही. पण खोल बर्फात सहज चढणारी गाडी माणसाला हिमस्खलनाच्या उतारांवरही सहज नेते, आणि अमेरिकेत हिमस्खलनात दगावणाऱ्यांत स्नोमोबाइलस्वारांचे प्रमाण मोठे आहे. ही गोष्ट ताकदीच्या आकड्याइतक्याच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

तेव्हा गाडी घेताना किंवा तिच्यात फेरफार करताना एकच प्रश्न विचारावा : याच्या बदल्यात काय जाणार? ‘काहीच नाही’ असे उत्तर मिळाले, तर पैसे खिशातच ठेवावेत आणि दुसरे दुकान पाहावे.