‘ओरडल्याशिवाय कुणी काम करत नाही’

वाळूजच्या वर्कशॉपमध्ये, चिकलठाण्याच्या गोदामात, शहरातल्या कुठल्याही कचेरीत हे वाक्य ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याला ते अनुभवाचे बोल वाटतात, कारण ओरडल्यावर माणूस खरंच हलतो. त्यानंतर कामाचं काय होतं, हे मात्र त्याच्या नजरेतून सुटतं.

इस्राएलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या 24 पथकांवर एक प्रयोग झाला. तो 2015 साली ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉक्टर आणि परिचारिकांना बाळाच्या प्रतिकृतीवर निदान आणि उपचार करायचे होते. काही पथकांना परदेशी ‘तज्ज्ञा’कडून त्यांच्या देशातल्या वैद्यकीय सेवेबद्दल तुच्छतेचे शेरे ऐकावे लागले, बाकीच्यांशी तो साधं बोलला. शेरे त्यांच्या त्या दिवशीच्या कामाबद्दल नव्हतेच. तरीही ते ऐकलेली पथकं निदानातही कमी पडली आणि प्रत्यक्ष उपचारातही. त्यांच्यात एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी झालं होतं. शिकलेल्या, सरावलेल्या माणसांची ही गत.

आता वाळूजकडे या. 1985 मध्ये इथं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधारानं सुटे भाग बनवणारे कितीतरी लहान-मोठे कारखाने उभे राहिले. अशा एखाद्या कारखान्यात प्रेसचा सेन्सर नीट चालत नाही, अशी शंका आधी ऑपरेटरलाच येते. ती त्यानं लगेच सुपरवायझरला सांगायला हवी. पण काल सगळ्यांसमोर ‘तुला काय कळतं रे?’ ऐकलेला माणूस आज ती शंका गिळतो, आणि प्रेसखाली बोटं त्याचीच असतात. शेजारच्या मशीनवरचा माणूसही गप्प होतो. क्रिस्टीन पोराथ आणि आमिर एरेझ या संशोधकांना 2009 च्या अभ्यासात हेच आढळलं होतं : दुसऱ्याचा अपमान नुसता पाहणाऱ्याचंही काम खालावतं.

‘आमची मराठवाड्याची बोलीच रांगडी, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?’ हा दुसरा समज. बोलीवर हा अन्याय आहे. टपरीवर दोन मित्र एकमेकांना अरे-तुरे करतात, चढ्या आवाजात वाद घालतात, त्यात उद्धटपणा नसतो, कारण समोरच्याला तसंच उत्तर देता येतं. साहेब पन्नाशीच्या हेल्परला ‘ए, इकडे ये’ म्हणतो आणि हेल्परनं ‘जी साहेब’च म्हणायचं असतं, तिथं बोलीचा संबंध नाही. तो अधिकार गाजवणं आहे. साहेबाच्या साहेबासमोर हीच रांगडी जीभ कशी मऊ होते, ते कामगार रोज पाहतात.

तिसरा समज दोन्ही बाजूंनी आहे. कुणाला वाटतं, साहेब ओरडला की थेट पोलिसात जाता येईल; कुणाला वाटतं, कामाच्या ठिकाणी काहीही बोललं तरी चालतं. सिकंदराबादच्या एका संस्थेतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं, की कामाची शिस्त आणि कर्तव्य यांबाबत वरिष्ठानं खडसावणं किंवा नुसतं असभ्य बोलणं हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 504 खाली ‘हेतुपुरस्सर अपमान’ ठरत नाही. पण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणं 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. बाईला उद्देशून लैंगिक शेरे मारले, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लागू होतो. दहा किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत त्यासाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि कंत्राटी महिलाही तिथं तक्रार करू शकते.

सभ्य बोलणं म्हणजे चुका पोटात घालणं, असंही काहींना वाटतं. तसं नाही. काय चुकलं, कुठं चुकलं, कधीपर्यंत दुरुस्त हवं, हे बाजूला घेऊन स्पष्ट सांगता येतं. त्याला आवाज चढवावा लागत नाही.

जातीचा किंवा लैंगिक शेरा नसलेल्या रोजच्या पाणउताऱ्याला आवर घालणं उरतं ते कंपनीच्या स्वतःच्या नियमांवर. तिथं सर्वात उघड्यावर पडतो तो कंत्राटी कामगार. एचआर म्हणतं ठेकेदाराकडे जा. ठेकेदार म्हणतो सुपरवायझरशी जुळवून घे. ज्या कारखान्यात तो आठ तास राबतो, त्याच कारखान्यात त्याची तक्रार नोंदवून घेतली गेली पाहिजे, आणि तिची चौकशी त्या सुपरवायझरकडे सोपवता कामा नये.