जुळ्यांमधली रेघ

सुरतेत १९३८ साली जन्मलेल्या हरिहर जरीवालांना आपण संजीव कुमार म्हणून ओळखतो. गुलजारांच्या ‘अंगूर’मध्ये (१९८२) ते आणि देवेन वर्मा, दोघेही दुहेरी भूमिकेत आहेत. फिल्मच्या जमान्यात अशा दृश्यांची एक जुनी रीत होती: कॅमेरा घट्ट रोवायचा, भिंगापुढचा अर्धा भाग झाकून एक जुळा टिपायचा, रीळ मागे घ्यायचं आणि मग उरलेल्या अर्ध्यात दुसरा. हे कळलं की नजर गोष्ट सोडून मधली रेघ शोधू लागते. सिनेमाचा अभ्यास केला की मजा जाते, ही तक्रार इथूनच येते.

तक्रार निम्मी खरी आहे. अवधान मर्यादित असतं आणि नवं शिकलेलं तंत्र ते खाऊन टाकतं. पण सरावाने तंत्राची ओळख आपोआप पटू लागते, अवधान पुन्हा मोकळं होतं. ताल अंगात मुरलेला श्रोता मात्रा मोजत बसत नाही, तसंच. ‘गुपित फुटलं की रस संपला’ म्हणणाऱ्यांना २०११चा कॅलिफोर्नियातला प्रयोग अडचणीचा आहे: शेवट आधीच सांगितलेल्या लघुकथा वाचकांना उलट जास्त आवडल्या. पुढचे निष्कर्ष इतके एकमुखी नाहीत, आणि कथा म्हणजे सिनेमा नव्हे, हेही खरं. तरी समोर कुणी नसताना नटाने नजर नेमकी कुठे रोखली, किती थांबला, याची गंमत तंत्र जाणणाऱ्यालाच अधिक कळते. सुमार सिनेमे मात्र अभ्यासानंतर सोसवत नाहीत. तो तोटा मला मान्य आहे. ‘अंगूर’ दोनदा पाहा. पहिल्यांदा नुसतं हसा, दुसऱ्यांदा नजरा बघा.