५२१ उणे ५१२

तलासरीहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ते उंबरगावच्या एका कारखान्यात संगणकांची देखभाल करतात. कारखान्याचा लिनक्स सर्व्हर मुंबईत भाड्याच्या जागेत आहे आणि रात्री-अपरात्री काही अडलं, तर घरी बसूनच त्यात शिरावं लागतं. ते विचारतात, ‘आमच्यात कोणी पुटी वापरतं, कोणी मोबाएक्सटर्म, कोणी विंडोजमधलंच एसएसएच, तर कोणी फोनवर टर्मियस. सुरक्षेच्या दृष्टीने यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?’

या प्रश्नाची तयार उत्तरं तक्त्यांत मिळतात. टॅब किती उघडतात, रंग बदलता येतात का, पैसे पडतात का. सुरक्षेच्या रकान्यात मात्र सगळ्यांपुढे बरोबरची खूण असते. ती खूण खोटी नसते, पण तिच्यावरून काही ठरवताही येत नाही. कारण हे सगळे प्रोग्रॅम एकच नियमावली पाळतात.

ती नियमावली १९९५ साली फिनलंडमध्ये जन्मली. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपून घेत होतं. तेव्हाच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच धावायचा, त्यामुळे टिपणाऱ्याला फार कष्ट नव्हते. तिथल्या टाटू इलोनेन या संशोधकाने वैतागून एसएसएच हा पर्याय लिहिला आणि जुलैमध्ये सगळ्यांसाठी खुला केला. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचं दार २१ क्रमांकाचं, टेलनेटचं २३. मधला २२ रिकामा होता. इलोनेनने तो मागितला आणि त्याला तो मिळाला! आज एवढ्या सहजी असा क्रमांक मिळणं अवघड. वर्षअखेरीस पन्नास देशांत सुमारे वीस हजार लोक एसएसएच वापरत होते.

पुढे मूळ प्रोग्रॅमवर व्यापारी अटी आल्या, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याची जुनी, मुक्त आवृत्ती हाती घेतली आणि १९९९ मध्ये ओपनएसएसएच तयार केलं. लिनक्स आणि मॅकमध्ये तेच असतं आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही तेच येतं. पुटी मात्र वेगळ्या घरातलं. इंग्लंडच्या सायमन टॅथमने ते विंडोजसाठी स्वतंत्रपणे लिहिलं. दोन्हींचं कूटलेखन एकाच तोडीचं आहे. मग फरक कुठे पडतो? तीन सवयींत: किल्ली वापरताना गुप्त आकडा कुठून आणला जातो, लाइन तुटली की काय होतं आणि अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा भेटला की काय विचारलं जातं. पहिल्या सवयीची गोष्ट इतकी रंगतदार आहे की तिच्यासाठी थोडं १९५२ सालात जावं लागेल.

कॅलिफोर्नियात बर्कली इथे राफेल रॉबिन्सन नावाचे गणिती होते. दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या, म्हणजे मर्सेन संख्या, त्यांना शोधायच्या होत्या. संगणक होता दूर लॉस एंजलिसला, स्वॅक नावाचा. रॉबिन्सननी तो पाहिलाही नव्हता. त्यांनी माहितीपुस्तिका वाचून, कागदावर प्रोग्रॅम लिहून पाठवून दिला. तिथे डेरिक लेमर यांच्या देखरेखीखाली तो ३० जानेवारी १९५२ रोजी चालवला गेला आणि पहिल्याच दमात बिनचूक चालला. त्याच दिवशी दोन नव्या मर्सेन संख्या सापडल्या. पहिली होती दोनचा ५२१ वा घात उणे एक. दूरच्या संगणकाकडून काम करून घेण्याचा याहून सुंदर दाखला मला माहीत नाही, आणि क्लायंट, म्हणजे आपल्या बाजूचा प्रोग्रॅम, म्हणाल तर कागद आणि पेन्सिल!

ही संख्या पुढे कूटशास्त्रात कामाला आली. तिच्यावर आधारलेल्या वक्राला पी-५२१ म्हणतात. त्याची भावंडं २५६ आणि ३८४ बिटांची आहेत, त्यामुळे थोरलाही ५१२ चाच असणार असं वाटतं. पण तो ५२१ चा आहे, कारण ही मूळ संख्या हिशेबाला फार सोयीची पडते.

आता पुटीकडे वळू. किल्ली वापरून लॉगिन करताना क्लायंट एका मजकुरावर स्वाक्षरी करतो आणि आपल्याकडे खासगी किल्ली असल्याचं सिद्ध करतो. पी-५२१ सारख्या वक्रावर प्रत्येक स्वाक्षरीला एक ताजा गुप्त आकडा लागतो. तोच आकडा दोनदा वापरला, तर शाळेतल्या बीजगणिताने खासगी किल्ली हाती लागते. सोनीने प्लेस्टेशन ३ मध्ये नेमकं हेच केलं आणि डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकर-मेळाव्यात ते सगळ्यांसमोर मांडलं गेलं.

हा आकडा यादृच्छिक हवा. पण पुटीची सुरुवात झाली तेव्हाच्या विंडोजमध्ये यादृच्छिक आकड्यांचा भरवशाचा उगम नव्हता. टॅथमने तोडगा काढला: खासगी किल्ली आणि मजकूर एकत्र करून एसएचए-५१२ या ५१२ बिटांचा आकडा देणाऱ्या सूत्रातून काढायचे. दर मजकुराला आकडा वेगळा आणि किल्लीशिवाय कोणालाही न कळणारा. युक्ती इतकी बरी की अशाच विचाराची पद्धत २०१३ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. पुटीने आपली जुनीच चालू ठेवली. २५६ आणि ३८४ बिटांना ५१२ बिट पुरून उरतात. २०१७ मध्ये ०.६८ या आवृत्तीत पी-५२१ ची भर पडली आणि तिथे मात्र ५२१ उणे ५१२ बरोबर ९ हे गणित आडवं आलं. प्रत्येक गुप्त आकड्याचे वरचे नऊ बिट कायम शून्य!

नऊ शून्यांनी काय बिघडतं? एका स्वाक्षरीतून गुप्त आकड्याबद्दल नऊ बिटांची माहिती फुकट मिळते. ५८ नवे ५२२. म्हणजे साठेक स्वाक्षऱ्या जमल्या की हिशेब पुरा होतो आणि खासगी किल्ली बाहेर पडते. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातले फाबियान बॉयमर आणि मार्कुस ब्रिंकमन यांनी हे शोधलं आणि एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ या आवृत्तीत दुरुस्ती आली. वाटेतल्या चोराला या स्वाक्षऱ्या दिसत नाहीत, कारण त्या कूटबद्ध वाटेने जातात. पण ज्या सर्व्हरमध्ये आपण शिरतो त्याला दिसतात. तो सर्व्हर कोणी ताब्यात घेतला, तर तीच किल्ली जिथे जिथे चालते ती सगळी दारं त्याला उघडी.

घोलवड-बोर्डीच्या बागायतदारांना पुढचं सांगायला नको. चिकूची काळीपत्ती बियांपासून नव्हे, कलमातून वाढवतात. रायणीच्या खुंटावर मातृवृक्षाची काडी बांधली की कलम त्या झाडाचे सगळे गुण घेऊन येतं, आणि खोडही. मातृवृक्षात दोष असेल, तर नर्सरीतून गेलेल्या प्रत्येक वाडीत तो पोचतो, मग वाडीच्या फाटकावर नाव कोणाचंही असो. पुटीचा कोडही असाच अनेक वाड्यांत लागलेला आहे. फाइलझिला, विनएससीपी, टॉर्टॉइजगिट या सगळ्यांना तीच नऊ शून्यं बाधली. तक्त्यात ही चार वेगळी नावं चार वेगळ्या ओळींत असतात. मातृवृक्षाचा रकाना मी अजून कुठल्या तक्त्यात पाहिलेला नाही.

आवृत्ती बदलली म्हणून जुनी किल्ली मात्र वाचत नाही. देऊन झालेल्या स्वाक्षऱ्या परत घेता येत नाहीत, त्यामुळे त्या काळात पुटीने वापरलेली पी-५२१ किल्ली प्रत्येक सर्व्हरवरून काढून टाकणं हाच उपाय. टॅथमला यात खलनायक करू नये. पुटीच्याच संकेतस्थळावर दोष काय, का आणि कोणाला, हे त्याने आडपडदा न ठेवता लिहिलं. पैसे घेणाऱ्या कंपन्यांकडून इतका प्रांजळपणा क्वचितच मिळतो.

दुसरी सवय लाइन तुटण्याची, आणि इथे तलासरीकरांचा प्रश्न खास तलासरीचा होतो. आच्छाडच्या आसपास फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी गुजरातचा. घरातल्या वाय-फायवरून फोनच्या नेटवर गेलं तरी तेच: आपला इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. एसएसएच ज्या टीसीपीवर चालतं, तिथे जोडणीची ओळखच दोन्हीकडच्या पत्त्यांवर ठरते. पत्ता बदलला की जोडणी मेली, आणि अर्धवट चाललेलं कामही बहुधा तिच्याबरोबर गेलं.

यावरचा उपाय एमआयटीच्या कीथ विन्स्टाइन आणि हरी बालकृष्णन यांनी २०१२ मध्ये मांडला. त्याचं नाव मॉश. बालकृष्णन मद्रास आयआयटीचे. २०२३ चं मार्कोनी पारितोषिक त्यांना मिळालं, पण आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्यांचं नाव एखाद्या स्टार्टअपवाल्याच्या निम्म्यानेही झळकत नाही. मॉश सुरुवातीची ओळख एसएसएचनेच पटवतो, मग स्वतःची वेगळी वाट धरतो. तिथे सर्व्हर पत्ता पाहत नाही. पाकीट खऱ्या किल्लीने बंद केलेलं आहे आणि आधीच्याहून नवं आहे, एवढंच पाहतो, आणि ज्या पत्त्यावरून ते आलं तिकडे उत्तर पाठवतो. शिवाय टाइप केलेलं अक्षर सर्व्हरकडून परत येण्याची वाट न पाहता तो अंदाजाने लगेच दाखवतो. त्यांच्या शोधनिबंधात ३जी नेटवर्कवरची चाचणी आहे. एसएसएचमध्ये कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा मध्यक वेळ ५०३ मिलिसेकंद होता, मॉशमध्ये ५ हून कमी. अडचण एवढीच की मॉश सर्व्हरवरही बसवावा लागतो आणि फायरवॉलमध्ये यूडीपीची वाट मोकळी ठेवावी लागते. ते जमत नसेल, तर सर्व्हरवर टीमक्स चालवावं. जोडणी तुटली तरी काम तिथे चालू राहतं.

तिसरी सवय सगळ्यांची सारखी, आणि दुर्लक्षही सगळ्यांचं सारखंच. नव्या सर्व्हरला पहिल्यांदा जोडताना क्लायंट अक्षरांची एक लांब ओळ दाखवून विचारतो, हाच का तो? आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. कूटलेखन कितीही भक्कम असलं तरी ते नेमकं कोणाशी होतंय याची खातरजमा या एकाच क्षणी होते. ही ओळ सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून फोनवर वाचून घ्यायला दोन मिनिटं लागतात. पुढे कधी ‘सर्व्हरची ओळख बदलली आहे’ असा इशारा आला, तर तो पुसायची आज्ञा गुगलवर शोधण्याआधी फोन करावा.

आता थोडं ‘सायबर हल्ला’ या जादूच्या शब्दाबद्दल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या. त्या गोंधळात डहाणूच्या औष्णिक केंद्रातून सुमारे ३८५ मेगावॉट वीज मुंबईच्या अत्यावश्यक सेवांना मिळत होती. साडेचार महिन्यांनी एका अमेरिकी कंपनीचा अहवाल आला: भारताच्या वीजक्षेत्राशी संबंधित संगणकांत चिनी गटाचा वावर आहे. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, चूक माणसाची होती, हल्ल्याचा पुरावा नाही. खुद्द अहवालातही मुंबईच्या घटनेशी दुवा सिद्ध झालेला नसल्याचं म्हटलं होतं. पण चर्चेत राहिला तो ड्रॅगन. नऊ बिटांच्या चुकीला असा चेहरा नसतो, म्हणून तिची बातमी होत नाही.

आणि सामान्य माणसाचं नुकसान तर त्याहून साध्या वाटेने होतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना एनीडेस्क या दुरून फोन चालवू देणाऱ्या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. गोड बोलून ॲप उतरवायला लावायचं, पडद्यावरचा नऊ आकडी कोड विचारायचा आणि फोनचा ताबा घ्यायचा. इथे कूटलेखन अगदी उत्तम चाललेलं असतं, फक्त दुसऱ्या टोकाला भामटा असतो.

तेव्हा तलासरीच्या वाचकांना उत्तर असं: विंडोजमधलं ओपनएसएसएच पुरेसं आहे. किल्ली ईडी२५५१९ प्रकारची काढा, तिला परवलीचा शब्द लावा आणि सर्व्हरवर नुसत्या पासवर्डने शिरण्याची सोय बंद करा. पुटीची सवय असेल तर खुशाल ठेवा, पण ०.८१ किंवा त्यानंतरची आवृत्ती, आणि तीही त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच. फोनवरून काम करायचं तर मॉश चालणारा क्लायंट घ्या. पुढच्या वेळी कोणी तुलनेचा तक्ता पाठवला, तर टॅब मोजण्याआधी एवढंच विचारा: यातले कोण कोणाच्या कलमाचे आहेत, आणि मागचा दोष सापडल्यावर दुरुस्ती किती दिवसांत आली?