वेगाआधी ब्रेक

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर हिंगोली आणि हदगावकडे फुटतो. २०२५मध्ये मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत आली, तेव्हा फाट्यावर बोलणे तिच्या वेगाचेच होते. मला प्रश्न ब्रेकचा वाटतो. वेग ताशी १३०वरून १६० किलोमीटर केला, म्हणजे जेमतेम २३ टक्के वाढवला, तरी तेवढ्याच ब्रेकने थांबायला सुमारे दीडपट अंतर लागते; कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रेक वाटेल तेवढा दाबताही येत नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक घसरते. त्यात गाडी सेकंदाला ४४ मीटर धावते. धुक्यात सिग्नल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ‘कवच’ यंत्रणा सिग्नल चालकासमोरच दाखवते, त्याच्याकडून चुकला तर स्वतः ब्रेक लावते. रुळावर आलेली म्हैस मात्र कवचाला कळत नाही. तिच्यासाठी कुंपणच लागते.